साखळी आली

आमच्या इंदापूर तालुक्यात मोजणीवाले गावात आले की म्हातारी माणसं अजून म्हणतात, "साखळी आली." खरं तर साखळी आता कुणाकडंच नसते. तिकाटण्यावर बसवलेलं यंत्र असतं, नाहीतर काठीच्या टोकावर बसवलेला रोव्हर असतो, तो उपग्रहाकडनं जागा विचारून घेतो. पण शब्द राहिला तो राहिलाच. आमच्याकडं तो इतका घट्ट राहिला त्याला कारणही आहे. मुंबई इलाख्यात जी मोजणी पुढं टिकली, जिच्या पायावर आजचा सातबारा उभा आहे, तिची घडी याच तालुक्यात बसली. आणि पुढं जवळजवळ एकशे चाळीस वर्षांनी याच तालुक्याची भीमाकाठची काळी रानं मोजून, लिहून, उजनीच्या पाण्याखाली गेली.

मी दहावीपर्यंत शिकलेला शेतकरी. मोजणीचा आणि भूसंपादनाचा कायदा मी हौसेनं वाचला नाही, घरात नोटीस आली म्हणून वाचला. वाचता वाचता मागं मागं जात राहिलो. तेव्हा कळलं की सरकारला जमीन पाहिजे असली की आधी ती मोजावी लागते, आणि त्या मोजण्यात शेतकऱ्याचं निम्मं नशीब ठरून जातं. भाव कमी मिळाला याची ओरड सगळे करतात. भाव कशाला मिळाला, किती गुंठ्याला मिळाला, कुणाच्या नावाला मिळाला, हे आधीच मोजणीच्या कागदावर लिहून गेलेलं असतं.

साखळीच्या आधी काठी होती. शिवाजी महाराजांच्या काळात पाच हात पाच मुठी लांबीची काठी ठरवली होती. वीस काठ्या लांब आणि वीस काठ्या रुंद म्हणजे एक बिघा, आणि एकशेवीस बिघ्यांचा एक चावर. अण्णाजी दत्तोंच्या देखरेखीखाली त्या मोजण्या झाल्या, हे आपण शाळेत वाचलेलं असतं. त्या मोजणीचा हेतू सारा ठरवणं हा होता. जमीन कुणाची काढून घ्यायची म्हणून ती मोजणी नव्हती. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण मोजणी त्याच रानाची असली तरी हेतू बदलला की तिचा अर्थ बदलतो.

पेशवाई १८१८ साली गेली आणि इंग्रजांना पुणे जिल्ह्याचा सारा बसवायचा होता. प्रिंगल नावाचा एक साहेब होता. त्यानं १८३० च्या आगेमागे जमिनी मोजल्या, मातीचे प्रकार पाडले, पिकाचं उत्पन्न काढलं, त्यातनं खर्च वजा केला आणि राहिलेल्या निव्वळ उत्पन्नाचा ५५ टक्के हिस्सा सरकारचा असं ठरवलं. कागदावर हिशेब सुबक होता. पण हाताखालच्या माणसांनी मोजमापं चुकीची लिहिली, लाच घेऊन चांगली माती हलकी आणि हलकी माती चांगली केली, आणि सारा इतका बसला की लोकांनी रानं पडीक टाकली. ही सगळी हकीकत सरकारच्याच कागदांत नोंदलेली आहे. इंदापूर तालुक्याची दशा तर फारच वाईट झाली. कितीतरी लोक गाव सोडून गेले.

मग गोल्डस्मिड नावाचा अधिकारी आणि लेफ्टनंट विंगेट नावाचा इंजिनिअर, या दोघांनी १८३५-३६ मध्ये इंदापूरपासून नव्यानं काम सुरू केलं. त्यांनी निव्वळ उत्पन्नाचा हिशेब सोडून दिला. मातीची खोली बघायची, रंग आणि पोत बघायचा, त्यात चुनखडी, वाळू, उतार, पाणी साचणं असे दोष असले तर आणे कमी करायचे. पावणेदोन हात खोल आणि चांगली काळी असली तर ती सोळा आणे जमीन. तिथनं खाली उतरत जायचं. सारा तीस वर्षांसाठी कायम. आणि प्रत्येक शेताला एक नंबर, कोपऱ्यांवर दगड किंवा मातीचे बुरूज. तोच आपला सर्व्हे नंबर. पुढं १८४७ साली या पद्धतीचे सगळे नियम एका अहवालात बांधून काढले आणि इलाखाभर ती पद्धत गेली.

साखळी त्यातली. ती तेहतीस फुटांची आणि तिचे सोळा भाग, त्यांना आणे म्हणायचे. तेहतीस फूट बाय तेहतीस फूट म्हणजे एक गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. शेताच्या मधनं एक सरळ रेषा धरायची, शंकू नावाच्या साध्या लाकडी साधनानं तिच्यावर काटकोन काढायचे, आणि बांधाच्या प्रत्येक वळणापर्यंतचं अंतर साखळीनं मोजून कच्च्या आकृतीवर लिहायचं. त्या आकृतीला टिपण म्हणतात. आकृती प्रमाणात नसते, वेडीवाकडी दिसते, पण तिच्यावरचे आकडे म्हणजे त्या शेताचा जन्माचा दाखला. टिपणावरनं गुणाकार करून क्षेत्र काढलं ते गुणाकार बुकात, त्यावरनं आकारबंद, आणि सगळे नंबर जोडून गावचा नकाशा.

साखळीची एक खोड होती. ती लोखंडी कड्यांची. ओढून ओढून कडी ताणायची, झिजायची, आणि साखळी लांब व्हायची. लांब झालेल्या साखळीनं मोजलं की रान कमी भरतं. तेहतीस फुटाला दोन इंच वाढले असं धरा. लांबीत अर्धा टक्का फरक, रुंदीत अर्धा टक्का, म्हणजे क्षेत्रात एक टक्का. चार एकराच्या तुकड्यात दीड गुंठ्यावर जागा हवेत गेली. साऱ्यासाठी मोजणी होती तोवर शेतकरी यावर हसायचा, कारण रान कमी भरलं तर सारा कमी. पण रान सरकारला द्यायची वेळ आली तेव्हा तोच दीड गुंठा अंगावर आला.

तीस वर्षं संपली तेव्हा इंदापुरात फेरमोजणी झाली, १८६७ च्या सुमारास, आणि सारा चांगलाच चढला. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपून कापसाचे भाव पडलेले, सावकाराचं देणं डोक्यावर, त्यात ही वाढ. १२ मे १८७५ ला आमच्या शेजारच्या सुप्याच्या बाजारात लोकांनी सावकारांच्या वह्या आणि खतं जाळली. दख्खनचे दंगे म्हणून इतिहासात ते नाव आहे. मला त्यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. अडाणी म्हणवणाऱ्या शेतकऱ्याला त्या वेळी नक्की कळलं होतं की आपलं रान आपल्या हातातनं जातं ते कागदामधनं जातं.

आता जमीन घेण्याच्या कायद्याकडं येतो. मुंबई आणि कुलाबा बेटांवर रस्त्यांसाठी जमीन घ्यायचा कायदा १८३९ सालचा. रेल्वे आली तशी गरज वाढली. १८५७ साली इंग्रजी अंमलाखालच्या सगळ्या मुलखाला एक कायदा लागू झाला. १८६० पर्यंत पुण्याहून भिगवण-दिक्सळवरनं सोलापूरपर्यंत आगगाडी गेलीसुद्धा. मग १८७० चा कायदा, आणि शेवटी १८९४ चा. तो १८९४ चा कायदा एकशे वीस वर्षं चालला. इंग्रज गेला, कायदा राहिला. कोयना, जायकवाडी, उजनी, सगळी धरणं त्याच कायद्याखाली झाली.

त्या कायद्याची कलमं आमच्या पिढीच्या शेतकऱ्यांना पाढ्यासारखी पाठ झाली होती. कलम चारची नोटीस निघाली की सरकारी माणसाला तुमच्या रानात शिरता येतं, मोजता येतं, खड्डा खणून माती बघता येते, हद्दीच्या खुणा करता येतात. उभं पीक आड येत असेल तर ते कापून वाट काढता येते, पण त्याची भरपाई द्यावी लागते. राहत्या घरात किंवा घराला लागून असलेल्या कुंपणाच्या परड्यात शिरायचं असेल तर मालकाची परवानगी, नाहीतर सात दिवस आधी लेखी सूचना. कलम सहानं सरकार ठरवतं की ही जमीन सार्वजनिक कामाला लागतेच. मग कलम आठ. हे कलम दोन ओळींचं आहे, पण सगळं त्यात आहे. जमिनीवर खुणा करायच्या, ती मोजायची, आणि नकाशा नसेल तर तयार करायचा. त्यानंतर कलम नऊची नोटीस येते, की तुमचं म्हणणं सांगा. त्या म्हणण्यात मोजमापाला हरकत घेता येते. मग निवाडा.

निवाडा मान्य नसेल तर कलम अठराखाली जिल्हा न्यायालयाकडं प्रकरण पाठवा असा अर्ज करता येतो. त्या कलमात हरकतीची चार कारणं दिली आहेत आणि त्यात पहिलं कारण जमिनीचं मोजमाप हे आहे. भाव दुसरा. पैसे कुणाला मिळणार आणि वाटणी कशी, ही त्यानंतरची. म्हणजे कायदा लिहिणाऱ्या इंग्रजालाही ठाऊक होतं की तंटा पहिल्यांदा साखळीवरनं होणार. आणि आणखी एक बारीक अट होती. पैसे घेताना 'हरकत राखून घेतले' असं लिहिलं नाही, तर पुढं न्यायालयात जायचा हक्क संपला. अंगठा उठवून पैसे मोजून घरी आलेले हजारो शेतकरी या एका ओळीवर अडले.

याच पुणे जिल्ह्यातला मुळशीचा लढा १९२१ चा. टाटांच्या विजेच्या धरणासाठी मावळ्यांची भाताची खाचरं जाणार होती. १६ एप्रिलला, रामनवमीच्या दिवशी सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट पुढं आले, विनायकराव भुस्कुटे होते. 'जान किंवा जमीन' अशी घोषणा होती. धरण झालंच. मुळशीची आठवण काढताना लोक धैर्याची आठवण काढतात, ती काढलीच पाहिजे. पण त्यातली एक बाजू कमी सांगितली जाते. तिथल्या बऱ्याच जमिनी कागदावर सावकारांच्या नावाच्या झालेल्या होत्या. कसणारा मावळा आणि कागदावरचा खातेदार सावकार. मावळ्याला जमीन हवी होती, सावकाराला मोबदला चालत होता. मोजणी झाली की क्षेत्र ठरतं, पण ते क्षेत्र कुणाच्या नावासमोर लिहायचं हे हक्काच्या नोंदीवरनं ठरतं. हक्कनोंदीचा कायदा १९०३ सालचा. त्यात ज्याचं नाव चढायचं राहिलं, तो पुढं धरणाच्या भिंतीसमोर उभा राहिला तरी कागदात नव्हता.

स्वातंत्र्यानंतर आणखी एक मोठा बदल झाला, तो म्हणजे गटवारी. तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाचा कायदा १९४७ चा. भावाभावांत वाटण्या होऊन एका सर्व्हे नंबरचे पाच-सात पोटहिस्से पडलेले. ते जुळवून एका माणसाचं रान एका ठिकाणी आणायचं आणि त्याला गट नंबर द्यायचा, असा चांगला विचार होता. पण कितीतरी गावांत गटवारी कागदावर पूर्ण झाली आणि रानात अर्धवट राहिली. नकाशात गट एका जागी आणि नांगर चालतो दुसऱ्या जागी. वर्षानुवर्षं कुणाचं बिघडत नाही, कारण बांध सगळ्यांना ठाऊक असतो. संपादनाची पट्टी आली की बिघडतं. पट्टी नकाशावर आखलेली असते. नकाशाप्रमाणं रान जातं एकाचं आणि पैसे मिळतात दुसऱ्याला, आणि दोघं चुलतभाऊ असतात. माझ्या ओळखीत अशी चार घरं आहेत, ज्यांच्यात मोबदल्याच्या दिवसापासनं एकमेकांच्या लग्नाला जाणं बंद झालं.

त्यात मापंही बदलली. गुंठे गेले, आर आले. लोक म्हणतात आर म्हणजे गुंठाच. तसं नाही. आर शंभर चौरस मीटरचा, गुंठा एकशे एक आणि वर थोडा. पाच एकर म्हणजे दोनशे गुंठे, पण २०२ आर आणि वर तीसेक चौरस मीटर. कागदावर गुंठ्याच्या जागी तितकेच आर लिहिले तर दोन आर गेले. आजच्या रस्त्याकडंच्या भावानं ते दोन आर म्हणजे एका पोरीचं लग्न.

तिसरी भानगड पोटखराब्याची. ओढा, खडक, पायवाट असलेला भाग विंगेटच्या माणसांनी पोटखराबा म्हणून वेगळा काढला, म्हणजे त्याला सारा नको. त्या वेळी ती शेतकऱ्यावर मेहेरबानीच होती. पुढं शंभर वर्षांत बापजाद्यांनी खडक फोडले, ओढ्याला ताल घातले, गाळ भरला, रान केलं. पीक उभं राहिलं, पण सातबाऱ्यावर पोटखराबा तो पोटखराबाच. संपादनात त्याला भाव लावताना हात आखडता. जुन्या काळी सारा वाचला म्हणून जे आजोबा खूश होते, त्यांच्या नातवानं ते व्याजासकट फेडलं.

उजनीचं मी लहानपणी डोळ्यांनी बघितलं. धरणाची भिंत तिकडं माढा तालुक्यात, आणि पाणी चढत आलं ते इंदापूर, करमाळा, दौंड, कर्जतच्या रानांत. १९८० च्या सुमारास धरण पूर्ण झालं. धरणाच्या मोजणीत एक वेगळं असतं. रस्त्याला पट्टी लागते, धरणाला पातळी लागते. पाणी कुठवर चढणार ती उंची ठरवतात, आणि दुर्बिणीतनं ती उंची गावोगाव रानांत उतरवत जातात. ओढा आला की रेषा आत वळते, टेकाड आलं की बाहेर जाते. त्या रेषेवर दगड बसले. दगडाच्या खालचा गेला, वरचा राहिला. एकाच घरातल्या दोन भावांत एक खाली आणि एक वर. वरच्याला पुढं पाण्याकाठचं रान मिळालं, मोटार टाकून ऊस केला, माडी बांधली. खालचा गाठोडं घेऊन लांब दुसऱ्या गावात पुनर्वसनाच्या जमिनीवर गेला. तिथल्या लोकांनी त्याला कितीतरी वर्षं 'धरणवाला' म्हणूनच ओळखलं. दुर्बिणीतल्या एका हातभर फरकाचा हा खेळ होता. पाणी खाली गेलं की उन्हाळ्यात जुन्या पळसदेवचं देऊळ वर येतं. शहरातले लोक गाड्या करून बघायला येतात, फोटो काढतात. आमच्यातले म्हातारे मात्र देऊळ बघत नाहीत. ते भोवतालच्या चिखलात आपला बांध शोधतात.

आता घरातली गोष्ट सांगतो. दहावी होऊन एक-दोन वर्षं झाली असतील. आमच्या रानातनं एका सरकारी कामाला पट्टा जायचा ठरला. कुठलं काम आणि कुठलं खातं याला महत्त्व नाही, तसं सगळीकडंच झालंय. त्या पट्ट्यात आमची विहीर होती. बहात्तरच्या दुष्काळात वडील आणि चुलते यांनी ती खणली होती. आई आणि चुलती पाट्या वाहायच्या. मोजणी झाली वैशाखात. विहिरीला तेव्हा तळाला गुडघाभर पाणी. मोजणीच्या कागदावर लिहिलं गेलं, 'कच्ची विहीर, कोरडी.' वडिलांनी मला ते वाचायला लावलं आणि ऐकून म्हणाले, "सही न्हाई करायची. आधी हीर मोजा."

मोजणाऱ्या माणसानं सांगितलं, की आमचं काम जमिनीचं, विहिरीचं काय ते वर सांगा. वडील भांडले नाहीत. त्याच दिवशी त्यांनी सोल आणला, त्याला हात-हातावर गाठी मारल्या, आणि गावातल्या पाच माणसांसमोर विहीर मोजली. बावीस फूट रुंद, एक्केचाळीस फूट खोल, वरनं अठरा फूट दगडी बांधकाम. मी शाळेच्या वहीच्या कागदावर ते लिहिलं, पाच पंचांच्या सह्या-अंगठे घेतले, आणि हरकतीचा अर्ज म्हणून तो टपालानं रजिस्टर करून पाठवला. पावती चुलत्यांनी देव्हाऱ्यामागं ठेवली.

निवाड्यात विहीर कच्ची आणि कोरडीच आली. वडिलांनी पैसे घेतले, पण मला पुढं करून घेण्याच्या कागदावर 'हरकत राखून' असं लिहवून घेतलं. शेजारच्या चौघांनी ते लिहिलं नाही. त्यांना सांगितलं होतं की असं लिहिलं तर पैसे अडकतील. सहा आठवड्यांच्या आत कलम अठराचा अर्ज दिला. मग तारखा. नऊ वर्षं गेली. वकिलाची फी, एसटीचं भाडं, साक्षीला येणाऱ्या पंचांचं जेवण. शेवटी न्यायालयानं विहिरीबद्दल आमचं म्हणणं मान्य केलं, कारण मोजणीच्या आठवड्यातलाच लेखी अर्ज आणि टपालाची पावती समोर होती. आमची दुसरी मागणी तीन गुंठे क्षेत्र कमी धरल्याची होती. ती नाकारली गेली, कारण त्याला आधार म्हणून जुनं टिपण आम्हाला वेळेत मिळालं नव्हतं. निकाल लागला तेव्हा वडील होते, चुलते नव्हते. वडिलांनी विहिरीच्या पैशातनं निम्मे मोजून चुलतीच्या पदरात घातले आणि म्हणाले, "दोघांनी खणली व्हती."

त्या निकालानं मला जे शिकवलं ते कुठल्या पुस्तकात सापडलं नसतं. विहीर खरी होती आणि तीन गुंठेही खरे होते. एकाचा कागद होता, दुसऱ्याचा नव्हता.

१८९४ चा कायदा गेला आणि २०१३ चा नवा कायदा १ जानेवारी २०१४ पासनं लागू झाला. दिलासा रक्कम पूर्वी १५ टक्के होती, १९८४ नंतर ३० झाली, नव्या कायद्यात ती १०० टक्के झाली. ग्रामीण भागात बाजारभावाला एक ते दोनपर्यंत गुणक धरतात. याची चर्चा खूप झाली. पण मोजणीबद्दल या कायद्याच्या बाराव्या कलमात जे आलं त्याची चर्चा गावात फारशी झाली नाही. मालक किंवा मालकानं लेखी नेमलेला माणूस हजर नसताना रानात मोजणी करायची नाही. मालक येत नसेल तर निदान साठ दिवस आधी नोटीस देऊन त्याला हजर राहायची संधी दिलेली पाहिजे. आमच्या वडिलांच्या वेळी हा शब्द कायद्यात असता तर बरंच सोपं झालं असतं. महामार्गांचा कायदा मात्र वेगळा आहे, १९५६ चा. तिथं नोटिशीपासनं हरकतीला २१ दिवस मिळतात. त्यामुळं नोटीस आली की आधी बघावं, कुठल्या कायद्याखाली आली.

आता होते ती संयुक्त मोजणी. भूमी अभिलेखचा माणूस क्षेत्र मोजतो, तलाठी कब्जा आणि पीक बघतो, झाडांना कृषी आणि वन खात्याची माणसं, घरागोठ्याला बांधकामवाले, आणि ज्या कामासाठी जमीन जाते त्यांचा प्रतिनिधी. सगळ्यांचं मिळून संयुक्त मोजणी पत्रक तयार होतं. डाळिंबाची झाडं किती, वय किती, बोअर किती खोल, पाइपलाइन किती फूट, सगळं त्यात यावं लागतं. त्यात नाही ते निवाड्यात येत नाही. पाइपलाइन जमिनीखाली असते म्हणून हमखास राहते. अलीकडं रस्त्याच्या मोजणीत आमच्या गावातल्या एका विधवा बाईचं नाव कुठंच नव्हतं. नवरा जाऊन अकरा वर्षं झालेली, वारस नोंद दिरानं केली ती स्वतःच्या आणि भावांच्या नावानं. तिच्या ताब्यातलं रान बरोबर मोजलं गेलं, एक फुटाचा फरक नव्हता, पण पैसा तिच्याकडं येणार नव्हता. आम्ही चार माणसं बसलो, दिराला समजावलं, नाही म्हणाला. मग तिचा हरकतीचा अर्ज लिहिला. दिराचा आणि तिचा तंटा अजून चालू आहे, पण तिच्या वाट्याची रक्कम कुणाला न देता थांबवून ठेवलेली आहे.

म्हणून ज्यांच्या रानातनं काही जायची चर्चा आहे त्यांना मी एवढं सांगतो. खुणेचे दगड पडायची वाट बघू नका. वारस नोंद आज करा. विहीर, बोअर, झाडं सातबाऱ्यावर चढवा. गट नकाशा, आकारबंद आणि सर्व्हे नंबरचं जुनं टिपण यांच्या नकला काढून ठेवा. मोजणीच्या दिवशी घरी थांबा, पोरांना पुण्याहून बोलवा, आणि जे लिहिलं ते वाचल्याशिवाय सही करू नका. काही राहिलं तर त्याच आठवड्यात लेखी द्या आणि पोच घ्या. जमीन गेल्यावर कमी-जास्त पत्रक होऊन सातबाऱ्यावरचं क्षेत्र कमी झालं का तेही बघा. नाहीतर गेलेलं रान कागदावर तुमच्याच नावानं राहतं आणि पुढं पोरांच्या वाटणीत पुन्हा भांडणं लावतं.

आणि एक, बांधावरचे जुने दगड. ट्रॅक्टर आल्यापासनं ते अडचणीचे झाले. कोपऱ्यातला दगड काढला की नांगराला दोन फूट जास्त मिळतात, म्हणून निम्म्या गावानं ते उपटून ओढ्यात टाकले. नवी पोरं म्हणतात, उपग्रह आहे की, दगड कशाला? उपग्रह तुम्ही कुठं उभे आहात ते इंचात सांगतो. तुमची हद्द कुठं आहे ते त्याला कुणीतरी दाखवावं लागतं. ते दाखवायला टिपणाचा पिवळा पडलेला कागद आणि रानातला दगड, एवढ्या दोनच साक्षी आहेत. यंत्र लावणारासुद्धा आधी जुनी खूण कुठं आहे हेच विचारतो. ज्या बांधावर दोन दगड जागेवर सापडतात तिथली मोजणी एका दुपारी होते आणि सगळे चहा पिऊन घरी जातात. जिथं एकही सापडत नाही, तिथं काय होतं ते तालुक्याच्या कोर्टाच्या आवारात कुठल्याही सोमवारी जाऊन बघावं.